चुकाऱ्याच्या पैशावर संशय कशासाठी?

परदेशात राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दोन महिने राहून यावं म्हणून गावाकडचे आईबाप अर्ज करतात, व्हिसा नाकारला जातो आणि लगेच एक ठरलेलं उत्तर कानावर येतं. पैसे नीट दाखवले नसतील. दहा लाख खात्यात टाकायचे, सहा महिने हात लावायचा नाही, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडायची, की काम झालं. आणि ज्याला एवढं जमत नाही त्याने परदेशवारीचा हट्ट धरूच नये. नागपूर-पुण्याचे शिकलेले लोक हे बोलतात, व्हिसाची कामं करणारे एजंट बोलतात. आता आमच्या बाभुळगावातही, ज्यांच्या घरी सातबारा आणि बँकेचं पासबुक एकाच पिशवीत ठेवलेलं असतं, तेसुद्धा हेच बोलू लागलेत. म्हणून हा प्रतिवाद.

येणारा पाहुणा कुठे राहणार, काय खाणार, आजारी पडला तर खर्च कोण करणार, परतीचं तिकीट कोण काढणार, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. तो मला पूर्ण मान्य आहे. या प्रश्नाचं उत्तर फक्त पगारदार माणसाच्या कागदांतूनच घ्यायचं, ही सवय मात्र मला मान्य नाही. त्याहून वाईट म्हणजे ती सवय आपणच डोक्यावर घेतली आहे आणि नाकारलेल्या माणसाला आपणच लाज आणतो आहोत.

बाभुळगाव हे यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिकं. बेंबळा प्रकल्प याच तालुक्यात झाला, तरी बऱ्याच शिवारांचं वर्ष अजून पावसावरच ठरतं. इथली मुलं यवतमाळ, पुसद, अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकतात, नोकरीला पुण्याला जातात आणि त्यांतली काही तिथून पुढे लंडन, म्युनिक, टोरंटो, डॅलस अशी पांगतात. मग लेकीचं बाळंतपण येतं, नातवाचं बारसं येतं, मुलाने घर घेतलेलं असतं. ज्यांनी उभ्या आयुष्यात मुंबईही धड पाहिलेली नसते त्या आईबापांचे पासपोर्ट काढले जातात आणि पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना विचारतं की तुमच्याकडे पैसे किती आहेत ते दाखवा.

आधी नियम काय म्हणतो ते बघू, कारण दहा लाखांचा आकडा नियमात कुठेही नाही. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत पाहुण्यांसाठी ‘अपेंडिक्स व्ही’ नावाचं परिशिष्ट आहे. राहण्याचा, फिरण्याचा आणि परतीचा वाजवी खर्च भागेल एवढा पैसा उपलब्ध असावा, एवढंच ते मागतं. किमान रक्कम ठरवलेली नाही. हा खर्च ज्याच्याशी खरं नातं आहे असा दुसरा माणूस करू शकतो, तो ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहत असला आणि त्याची ऐपत असली म्हणजे झालं, हेही तिथेच लिहिलेलं आहे. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा संहिता नावाचा नियम २००९ चा. त्यानुसार प्रत्येक देश दिवसाचा आकडा कळवतो. जर्मनीने कळवलेला आकडा माणशी ४५ युरो आहे. म्हणजे तीस दिवसांसाठी दोघा नवराबायकोंचे २,७०० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर पावणेतीन लाखांच्या आतच. फ्रान्सचा आकडा तर मुक्काम कुठे आहे त्यावर बदलतो. पाहुणा नातेवाइकाच्या घरी उतरणार असेल तर दिवसाला ३२.५० युरो, हॉटेलचं आगाऊ बुकिंग असेल तर ६५ आणि काहीच ठरलेलं नसेल तर १२०. राहण्याची सोय आणि स्पॉन्सरची हमी हा पुरेशा पैशाचा पुरावा धरता येतो, असं ती संहिताच सांगते.

अमेरिकेचा मामला याहून वेगळा. तिथल्या १९५२ च्या कायद्यातलं २१४(ब) हे कलम असं गृहीत धरतं की येणारा प्रत्येक पाहुणा तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे. तसं नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. मुलाने पाठवलेलं आमंत्रण किंवा हमीपत्र अर्जासाठी लागत नाही, अर्जदाराचे मायदेशाशी असलेले बंध बघून निर्णय होतो, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. तरी आमच्याकडचे लोक मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जाड फाइल पोटाशी धरून उभे राहतात. मुलाखत काही मिनिटांत आटोपते आणि बहुतेकदा फाइल उघडलीही जात नाही. त्या फाइलसाठी आठवडे घातलेले असतात, सीएकडून नेटवर्थचं प्रमाणपत्र घेतलेलं असतं, नातेवाइकांकडून पैसे फिरवलेले असतात.

दहा लाखांचा आकडा तर असा निराधार. आता शेतकऱ्याचं पासबुक उघडू, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

समजा दहा एकर कोरडवाहू जमीन आहे. सहा एकरांत कापूस, एकरी पाच क्विंटलने तीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, म्हणजे २,४३,३०० रुपये. चार एकरांत सोयाबीन, एकरी चार क्विंटल धरलं तर सोळा क्विंटल, हमीभाव ५,३२८, म्हणजे ८५,२४८. आंतरपिकाची तूर पाच क्विंटल झाली तर ८,००० च्या भावाने चाळीस हजार. सगळे मिळून ३,६८,५४८ रुपये. यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि भाडं जातं. हमीभाव मिळाला, बोंडअळी आली नाही, ऐन वेचणीत पाऊस झाला नाही, असं सगळं जुळून आलं तरचा हा हिशेब.

हा पैसा खात्यात कसा दिसतो? जून ते ऑक्टोबर खातं जवळपास रिकामं. मध्ये पीएम-किसानचे आणि नमो शेतकरी योजनेचे दोन-दोन हजार पडतात. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं की पहिली रक्कम येते. कापूस सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर दिला तर त्याचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, काही दिवसांनी थेट खात्यात, एकदम लाख-दीड लाखाचा. तो आला की दोन-तीन दिवसांत निघूनही जातो, कारण कृषी केंद्रवाल्याची उधारी, मजुरांचे पैसे, किराणा, लग्नाचं देणं, सगळे त्याच चुकाऱ्याची वाट बघत असतात. मार्च आला की पीक कर्जाचं नवं-जुनं. मुदतीच्या आत जुनं कर्ज भरलं तरच डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली व्याज सवलत मिळते, म्हणून हातात नसतील तर भावाकडून, मेहुण्याकडून, नाहीतर सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणून भरायचे. एप्रिल-मे महिन्यांत नवं कर्ज खात्यात पडलं की त्यांचे परत करायचे. पासबुकात मार्चअखेर एक मोठी जमा, त्याच दिवशी तेवढाच खर्च, पुढे पुन्हा एक मोठी जमा.

आता व्हिसा अधिकाऱ्याच्या जागी बसून हेच पान वाचा. महिनोन्महिने शिल्लक काही नाही. मग अचानक मोठी जमा. दोन दिवसांत ती काढलेली. कुठून आली ते माहीत नाही. उधारीचा पैसा दाखवण्यापुरता खात्यात फिरवला जातो तेव्हा जे दिसतं, तेच इथे दिसतं. अधिकाऱ्याला शिकवलेलंच असतं की उत्पन्नाशी न जुळणारी मोठी जमा दिसली तर थांबून बघ. तो थांबतो आणि नकार लिहितो. खोटं करणाऱ्याच्या आणि प्रामाणिक कापूस उत्पादकाच्या पानांत त्याला फरक दिसत नाही, कारण कापसाचं वर्ष कसं चालतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि अर्जासोबत आपणही सांगितलेलं नसतं.

त्यातही वेळेचा एक पेच आहे. शेतकरी घराबाहेर पडू शकतो तो फक्त शेवटची वेचणी झाल्यापासून मृगापर्यंत, म्हणजे साधारण मार्च ते मे. नेमक्या त्याच दिवसांत त्याचं खातं कर्ज भरून रिकामं झालेलं असतं. अर्जासोबत तीन किंवा सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडा असं सांगितलं जातं. ते सहा महिने वर्षाचा कोणता तुकडा पकडतात त्यावर हा माणूस कधी कंगाल दिसतो, कधी संशयित. ज्याचं उत्पन्न बारा महिन्यांच्या चक्राने येतं त्याला सहा महिन्यांत मोजायचं आणि मग तो मापात बसला नाही म्हणून त्याला नाकारायचं, ही मोजणीची चूक आहे. चेकलिस्टमध्ये मालकाचं रजेचं पत्र मागितलेलं असतं. शेतकऱ्याने ते कोणाकडून आणायचं? पगाराच्या तीन स्लिपा मागितलेल्या असतात. त्या रकान्यासमोर आमची माणसं ‘लागू नाही’ असं लिहितात आणि तिथेच त्यांचा अर्ज अधू होतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की शेतकऱ्याने रोखीचा व्यवहार सोडावा, सगळं बँकेतून करावं, म्हणजे प्रश्न येणार नाही. हा सल्ला देणाऱ्यांनी आपलाच कायदा वाचलेला नसतो. खेडा खरेदीत व्यापारी दारात येतो, काटा करतो आणि रोख देऊन माल उचलतो. व्यापाऱ्याने एका दिवसात एका माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. पण शेतमालाचे पैसे थेट पिकवणाऱ्याला दिले तर हा नियम लागू होत नाही, अशी सूट १९६२ च्या आयकर नियमावलीतल्या ६डीडी या नियमाने मुद्दाम दिली. शेतकऱ्याच्या हातात रोख पडते हे भारत सरकारने मान्य केलेलं वास्तव आहे. तसंच विवरणपत्राचं. शेतीचं उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १०(१) नुसार करमुक्त होतं आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही ते करमुक्तच ठेवलं. ज्याला दुसरं उत्पन्न नाही त्याने विवरणपत्र भरलं नाही म्हणून तो करबुडव्या ठरत नाही. कायद्याने ज्याच्याकडून कागद मागितलाच नाही, त्याच्याकडे तो कागद नाही हा त्याचा दोष कसा?

इथे एक गोष्ट आपल्याच सरकारबद्दल सांगायला हवी. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची अट येते, ती १९८३ च्या आपल्याच कायद्याची देणगी. आयकर भरणाऱ्याला मात्र त्या अटीतून सूट. पन्नाशी ओलांडलेल्यांनाही सूट आहे, म्हणून आमच्या आईबापांना तिचा त्रास होत नाही. पण आयकर भरतो तो भरवशाचा, ही समजूत परक्यांच्या आधी आपल्या दप्तरातच बसलेली आहे.

प्रतिपक्षाचा सर्वात जोरदार मुद्दा दुसराच आहे आणि तो टाळून पुढे जाणं बेइमानी होईल. ते म्हणतात, तुम्ही लोक तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढताना उत्पन्न कमी सांगता. शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा, फी सवलतीला आठ लाखांची, म्हणून दाखल्यावर वर्षाला साठ-सत्तर हजार लिहून घेता. मग व्हिसाच्या फाइलमध्ये चार लाखांचं उत्पन्न कुठून आलं? अधिकाऱ्याने कोणता आकडा खरा मानायचा? हे खरं आहे. आमच्या भागात हे सर्रास होतं, तलाठी आणि तहसीलदारांना ते ठाऊक असतं, आणि ते चूक आहे. दोन कार्यालयांत दोन उत्पन्नं सांगणाऱ्या माणसाने तिसऱ्या कार्यालयाकडून विश्वासाची अपेक्षा ठेवू नये. पण हा मुद्दा माझ्या प्रतिपक्षाच्या सल्ल्यालाही तितकाच लागू पडतो. कमी दाखवणं चूक असेल तर जास्त दाखवणं बरोबर कसं झालं? दहा लाख फिरवायला सांगणारा माणूस त्याच खोटेपणाची दुसरी बाजू शिकवतो आहे.

त्या सल्ल्याबद्दल मला खरा राग आहे. गावातल्या साध्या माणसाला एजंट सांगतो की चार जणांकडून उसने घे, तीन महिने खात्यात ठेव, मागची तीन वर्षं छोटा धंदा होता असं दाखवून विवरणपत्रं भरू, बाकी मी बघतो. तो बाकीचं काही बघत नाही. सही अर्जदाराची असते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जातात. कॅनडाने ही बंदी २०१४ मध्ये दोन वर्षांची पाच केली. ऑस्ट्रेलियात तीन वर्षं. अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचा शेरा बसला तर त्याला मुदतच नाही, खास सूट मागून मिळाली तरच तो माणूस आत जाऊ शकतो. साठीच्या बापाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे त्या एजंटने कधी मोजलेलं नसतं. नातू शाळेत जायला लागतो, दहावीला येतो आणि आजोबा त्याला मोबाइलच्या पडद्यावर बघतात. तेही जो खर्च त्यांना करायचाच नव्हता त्याच्या खोट्या पुराव्यापायी.

कारण बहुतेक घरांत खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असते. तिकीट तेच काढतात, विमा तेच काढतात, राहणं-जेवण त्यांच्याच घरी. मग बापाच्या खात्यात दहा लाख हवेत कशाला? ज्याच्या खिशातून पैसा जाणार आहे त्याचा खिसा बघा. हे मी नवीन काही मागत नाही. जर्मनीत यजमानाने स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जायचं, आपल्या पगाराचे कागद दाखवायचे आणि हमीपत्रावर सही करायची. पुढे पाहुण्याच्या राहण्यावर किंवा आजारपणावर सरकारचा पैसा खर्च झाला तर तो या यजमानाकडून वसूल होतो. कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आईवडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला. तिथे मुलाचं किंवा नातवंडाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर लागतं आणि पाहुण्याचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ऑस्ट्रेलियात कुटुंबाने पुरस्कृत केलेल्या पाहुण्यासाठी अनामत रक्कम मागता येते आणि पाहुणा अटी पाळून परतला की ती परत मिळते. या तिन्ही देशांनी खर्चाचा प्रश्न सोडून दिलेला नाही. ज्याच्याकडून वसुली होऊ शकते अशा माणसाला त्यांनी तो विचारला, एवढंच. बाभुळगावच्या बापाच्या खात्यात तीन महिने थांबलेले उसने दहा लाख जर्मन सरकारला काय कामाचे? ते पैसे अर्ज मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निघून गेलेले असतात.

यावर मला सांगितलं जातं की पैशाचा प्रश्न नुसता खर्चाचा नसतो. ज्याच्याकडे मायदेशी पैसा आहे तो परत जातो, ज्याच्याकडे नाही तो तिथेच दडी मारून राहतो. म्हणजे शिल्लक हा परतीचा पुरावा. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण शेंगेनचा नकाराचा छापील नमुनाच त्याच्या विरोधात जातो. त्यात पुरेसा पैसा नाही हे एक कारण आहे आणि परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका हे वेगळं कारण. दोन प्रश्न आहेत म्हणून दोन चौकटी आहेत. दोन्ही एकत्र केले की सर्वात मोठा अन्याय शेतकऱ्यावर होतो. निवृत्त पगारदाराची चाळीस लाखांची एफडी मोबाइलवरून मोडता येते, जगात कुठूनही. दहा एकर जमीन कोणत्याही विमानातून नेता येत नाही. जिच्यावर पीक कर्ज आहे, जिच्यात जूनमध्ये पेरणी व्हायलाच हवी, जिच्या बांधावर बैल बांधलेले आहेत, ती जमीन माणसाला जितक्या घट्ट धरून ठेवते तितकं कोणतंही बँक खातं धरत नाही. पुरावाच हवा असेल तर मृगाच्या आधीच्या तारखेचं परतीचं तिकीट आणि पेरणीची नोंद असलेला सातबारा यांच्याइतका बोलका पुरावा दुसरा कोणता?

पण यवतमाळ जिल्ह्याचं नाव बाहेर गेलं ते वेगळ्याच कारणाने. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत यवतमाळ होतं. ज्याने हा जिल्हा बातम्यांतच पाहिला त्याला इथला प्रत्येक शेतकरी पळून जायला टपलेला वाटला तर नवल नाही. अर्जदाराला त्याच्या गटावरून तोलण्याचा प्रकार यंत्रातही शिरला होता. ब्रिटनचं गृहखातं २०१५ पासून एक संगणकीय गाळणी वापरत होतं. ती अर्जांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग देत असे आणि त्यात अर्जदाराचं राष्ट्रीयत्व विचारात घेतलं जाई. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणारी जेसीडब्ल्यूआय आणि फॉक्सग्लोव्ह या संस्था न्यायालयात गेल्या, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये ती बंद करावी लागली. ज्यांना वाटतं की नकार म्हणजे अर्जदाराच्या लायकीचा निवाडा, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पाच वर्षं त्या निवाड्याची सुरुवात एका रंगाने होत होती.

चुकीचं वाचन झालं तर दाद कुठे मागायची? कुटुंबाला भेटायला येणाऱ्या पाहुण्याचा अपिलाचा हक्क ब्रिटनने १९९३ मध्ये काढून घेतला, २००० मध्ये परत दिला आणि २५ जून २०१३ पासून पुन्हा काढून घेतला. आता मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच अपील, नाहीतर न्यायालयीन पुनर्विलोकन, ज्याचा खर्च सहलीच्या खर्चाहून मोठा. अमेरिकेत वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या अशा नकारात न्यायालयं सहसा हातच घालत नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मुन्योस प्रकरणात ही भूमिका पुन्हा पक्की केली. जर्मनीत नकारानंतर दूतावासालाच फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली, आता नवा अर्ज करा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा. फी परत मिळत नाही, अमेरिकेची १८५ डॉलर असो की शेंगेनची ९० युरो. अपील असतं तेव्हा कोणीतरी अधिकाऱ्याला सांगतं की ही जमा सीसीआयच्या चुकाऱ्याची आहे, हा बघ काट्याचा कागद. पुढच्या वेळी तो तीच चूक करत नाही. अपील काढून घेतलं की चूक कळण्याचा रस्ताच बंद होतो.

‘एवढ्या लांबच्या अधिकाऱ्याला कापूस कसा कळणार’ हे म्हणणं तर मी अजिबात ऐकून घेणार नाही. हमीभाव केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं. कोणत्या गटात कोणतं पीक पेरलं ते शेतकरी २०२१ पासून ई-पीक पाहणीत मोबाइलवरून नोंदवतो आणि ते सातबाऱ्यावर येतं. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे मिळतात. बाजार समितीत विकलं तर हिशोबपट्टी असते. सीसीआयचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो. जमीन, पेरणी, विक्री, जमा आणि कर्जफेड, ही सगळी साखळी कागदावर आहे आणि सगळी सरकारी किंवा सहकारी दप्तरातली आहे. खासगी कंपनीने छापून दिलेल्या पगाराच्या स्लिपेपेक्षा ती तपासायला सोपी आहे.

तेव्हा आमच्या लोकांना मी एकच सांगतो, आहे तेच दाखवा. सहा महिने मागितले तरी गेल्या दोन हंगामांचं स्टेटमेंट जोडा. प्रत्येक मोठ्या जमेसमोर ती कशाची आहे ते लिहा: कापसाचा चुकारा, सोयाबीन विक्री, पीक कर्ज. नवं-जुनं केलं असेल तर तेही लपवू नका, चार ओळींत समजावून सांगा. शेतीचं उत्पन्न विवरणपत्रात करमुक्त म्हणून दाखवता येतं, ते हवं तर दाखवा, पण नसलेला धंदा उभा करू नका. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. खर्च मुलगा करणार असेल तर पहिल्याच परिच्छेदात तसं सांगा आणि त्याच्या पगाराचे, घराचे, राहण्याच्या परवान्याचे कागद लावा. अमेरिकेच्या मुलाखतीला जाताना फाइलपेक्षा उत्तराची तयारी ठेवा: शेत किती, पेरणी कधी, तोवर बैल कोणाकडे.

एवढं करूनही नकार येईल, कारण दुसऱ्या बाजूचा नियम आणि त्याचं वाचन आपल्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांनी आजवर या आईबापांचा विषय काढलेला मला दिसला नाही. भारत आणि ब्रिटनने ४ मे २०२१ रोजी स्थलांतर आणि ये-जा यांबाबत करार केला. जर्मनीशी तसाच करार ५ डिसेंबर २०२२ रोजी झाला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या. या सगळ्यांचा भर विद्यार्थी, व्यावसायिक आणि कुशल कामगारांवर आहे. त्यांना तिथे पाठवणाऱ्या आईवडिलांनी महिनाभर भेटून यावं, ही गोष्ट वाटाघाटीच्या टेबलावर यायला हवी. मुलाने किंवा मुलीने कायदेशीर हमी दिली आणि विमा काढला तर पालकांच्या स्वतःच्या शिल्लकेचा प्रश्न विचारू नये. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा विचार बारा महिन्यांवर व्हावा. नकाराविरुद्ध कमी खर्चात एकदा तरी लेखी फेरविचार मागता यावा. महसूल खात्याने जमीन, पीक आणि कर्जाचा तपशील असलेला एकच इंग्रजी दाखला तहसीलमधून द्यावा, त्यासाठी कोणाशी करार करायचीही गरज नाही. यवतमाळ-वाशीमच्या लोकप्रतिनिधींनी पहिल्या तीन मागण्या परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि चौथी मुंबईत मंत्रालयात लेखी द्यावी, आणि काय उत्तर आलं ते बाभुळगावात येऊन सांगावं.